ओल्या लाकडाचा मोसम

चंद्रपूरकडच्या मूल गावाच्या पलीकडे, जंगलाला लागून असलेल्या गावात बापूजींचं घर आहे. त्या घरात प्लॅस्टिक नाही, फ्रीज नाही, आणि जिचा मोसम नाही ती भाजीही नाही. उन्हाळ्यात मोहफुलं, हिवाळ्यात लाखोळीची भाजी, पावसाळ्यात तरोट्याचा पाला आणि वास्ते, म्हणजे बांबूचे कोवळे कोंब. नागपूरहून लोक गाड्या करून हे बघायला येतात, मांडी घालून जेवतात आणि बापूजींच्या पाया पडतात. स्वयंपाक करतात त्या सुगंधाबाई, बापूजींची बायको. त्या आत असतात, धुरात. त्यांना शोधत कोण जाणार?

झाडाला कुऱ्हाड लावायची नाही, पडलेलं लाकूडच वेचून आणायचं, हा बापूजींचा नियम. नियम चांगलाच आहे, त्याला कोण नावं ठेवेल! पण वास्ते फुटतात भर पावसात, आणि पडलेलं लाकूड तेव्हा चिंब असतं. वास्ते चिरायचे, उकळायचे, कडू पाणी फेकायचं, पुन्हा उकळायचे, मग कुठे फोडणी. तोवर बाई फुंकणी तोंडाला लावून चुलीपुढे वाकलेली. लग्नापासूनचे सारे पावसाळे असेच गेले आणि छातीचा पार भुगा झाला. आता अंगण ओलांडायचं तरी मध्ये थांबून दम घ्यावा लागतो.

चंद्रपूरच्या डॉक्टरने स्पष्टच सांगितलं, धूर बंद करा, नाहीतर बाई हातची जाईल. मुलगा आदेश माजरीला कामाला. तिथे एका खोलीत चौघं कामगार राहतात, म्हणून बायकोला, नीलिमाला, त्याने इथेच ठेवलेलं. डॉक्टरचं ऐकून तो गॅसची शेगडी घेऊनच घरी आला.

बापूजींनी ओसरीवरूनच हात आडवा केला. "हे डबडं माह्या घरात नाई चालत. लोक काय पाह्याले येतात इथी?"

"लोकाईले पाहू का मायले?" आदेश ओरडला.

बापूजी चिडले नाहीत. ते कधीच चिडत नाहीत, त्यांचं सगळं गोड बोलून चालतं. ते बायकोकडे वळले. "तूच सांग वं. शेगडी पायजे असंल तर ठेव, मी काई म्हणत नाई. पण रांधशील तूच. नाईतर चूल नीलिमाच्या हाती दे आन् बाहीर येऊन बस पाहुण्याईत. तरणी पोरगी आहे, तिले काई होत नाई."

नीलिमा दारातच उभी होती. पाचवा महिना लागलेला. तिने सासूकडे पाहिलं. "आई, ठेवा म्हणा ना शेगडी. धूर कसा राह्यते, तुमाले मालूम आहे."

मालूम तर होतंच. पहिल्या खेपेला सुगंधाबाईही अशाच जड अंगाने ओली लाकडं फुंकत बसल्या होत्या. पोर पोटातच गेलं. त्यांची सासू तेव्हा शेजारच्या खोलीत पान खात होती, उठली नव्हती. त्या रात्री सुगंधाबाईंनी सासूला मनातल्या मनात काय काय शाप दिले, ते त्यांनाच ठाऊक. आता सुनेचा जीव त्यांच्या एका शब्दावर होता. आणि त्यांच्या मनात आलं ते एवढंच, की माझ्यासाठी कोण उठलं होतं? हिलाच काऊन सुटका?

"घेऊन जा ते शेगडी, आदेश," त्या म्हणाल्या. "चुलीपुढे बसंल नीलिमा. सवय होते."

"माय!" आदेशने शेगडी उचलली आणि मान खाली घालून गाडीला बांधली. बाप तर तसाच होता, पण आई?

रविवारी पाहुणे आले. सुगंधाबाई इस्त्रीची साडी नेसून ओसरीवर, बापूजींच्या शेजारी बसल्या. वारा लागत होता. किती बरं वाटलं! जंगलातल्या जेवणाने आयुष्य कसं वाढतं, ते बापूजी सांगत होते. आतून खोकल्याची उबळ आली, थांबली, पुन्हा आली, मग भांडं पडल्याचा आवाज झाला. एका पाहुणीने घास हातातच धरून विचारलं, "आत कोणाला बरं नाही का?"

"सून आहे जी. नवीन आहे चुलीले," सुगंधाबाई हसून म्हणाल्या. मग दाराकडे तोंड करून त्यांनी आवाज चढवला, "नीलिमा, काय करून राह्यली वं? भात थंडा झाला पाहुण्याईचा. जाळ लाव!"