कोठडीतला तिसरा दिवस

नाशिकला माझं व्यसनमुक्तीचं छोटं हॉस्पिटल आहे. घाटाकडच्या एका पोलीस ठाण्याच्या कोठडीत माणूस मेला, तेव्हा त्यावर नेमलेल्या समितीत बाहेरची तज्ज्ञ म्हणून मला घेतलं. दोषी कोण, हे आम्ही ठरवायचं नव्हतं. असं पुन्हा होऊ नये म्हणून काय करावं, एवढंच सांगायचं. मानायचं की नाही ते वरच्यांच्या हातात.

मेलेला माणूस डोंगरातला मजूर. द्राक्षबागेतली केबल चोरल्याच्या संशयावरून आणलेला. गाव म्हणत होतं, मारलं. शवविच्छेदनात माराची खूण नव्हती. कॅमेऱ्याच्या चित्रणातही त्याला कुणी हात लावलेला दिसला नाही, तेव्हा समितीतले बाकीचे जरा सैलावले. मी ते पुन्हा लावायला सांगितलं. पहिल्या दिवशी तो भिंतीला टेकून बसलेला. दुसऱ्या दिवशी हात इतके थरथरतात की पेला ओठापर्यंत जात नाही. तिसऱ्या दिवशी तो अंगावरून मुंग्या वेचतोय. अंगावर काही नाही. मग आकडी. गजांबाहेर दोन पोलीस उभे, त्यातला एक हसतोय. नाटक करतोय असं वाटलं, हे त्यांनी जबाबात लिहूनच दिलं होतं.

रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकदम तोडली तर तो मरू शकतो. वेळेवर औषध दिलं तर बहुतेक वाचतो. माझ्या वॉर्डातल्या आयांनाही हे ठाऊक आहे.

परत निघताना ठाण्यातला म्हातारा हवालदार गाडीपर्यंत आला. निवृत्तीला वर्ष राहिलेलं. इकडंतिकडं पाहून म्हणाला, "मॅडम, आमच्या वेळी असा एकबी गेला नाय. हात कापाया लागले की घोटभर द्यायचो. कॅमेरे लागले नि ते बंद झालं."

"मग त्याऐवजी काय सुरू झालं?"

"काय नाय."

त्याचं म्हणणं मी समितीपुढे ठेवलं, तो कोण ते न सांगता. अध्यक्ष म्हणाले, हे कागदावर नको, पोलीस कैद्यांना दारू पाजत होते असाच अर्थ निघेल. मी फार ताणलं नाही. ठाणं एवढंसं, हवालदार लगेच ओळखू आला असता. सल्ला साधा लिहिला: माणूस आणल्याबरोबर रोज किती पितो आणि शेवटची कधी प्यायला ते विचारा, हात थरथरले की दवाखान्यात न्या, ठाण्यासाठी डॉक्टर नेमून ठेवा. एक पान. ते सह्यांसाठी फिरत राहिलं.

दोन महिन्यांनी, दुपारी ओपीडी चालू असताना हवालदाराचा फोन आला. तसाच एक आत होता, कालपासून. हात कापत होते, घाम फुटला होता. ठाण्याची गाडी आणि साहेब दोन्ही मंत्र्याच्या बंदोबस्ताला गेलेले. दवाखान्यातला डॉक्टर शिबिराला. अ‍ॅम्ब्युलन्स दोन तासांनी येणार होती.

मी विचारलं, तुम्हाला ओळखतो का, नीट बसतो का, गिळता येतं का. सगळं येत होतं. गोळ्या माझ्या कपाटात होत्या, सत्तर किलोमीटरवर.

"देऊ का, मॅडम?" तो म्हणाला.

दारू हे औषध नाही, असं मी रोज सांगते.

"सीलबंद आहे का काही?"

"मुद्देमालात देशीच्या बाटल्या हायेत."

म्हणजे छाप्यात पकडलेला, कोर्टात दाखवायचा माल. हातभट्टीची अजिबात नको, असं बजावून मी सांगितलं, "बसवून द्या, थोडी थोडी. कॅमेऱ्यासमोर द्या. डायरीत माझं नाव लिहा, डॉक्टरने सांगितलं म्हणून."

"लिहू?"

"लिहा, हवालदार."

त्याने लिहिलं. अ‍ॅम्ब्युलन्स साडेतीन तासांनी आली. माणूस नाशिकच्या सरकारी रुग्णालयात दाखल झाला, पाय खाटेला बेडीने बांधलेला. आठवड्याने जामिनावर घरी गेला, आणि मला वाटतं त्याच दिवशी प्यायला.

हवालदाराची खातेनिहाय चौकशी लागली. आरोप मुद्देमालाचं सील तोडल्याचा आणि कोठडीत दारू दिल्याचा. निवृत्तिवेतन अडकणार होतं. मी जाऊन जबाब दिला: द्यायला मीच सांगितलं, आज विचारलंत तरी तेच सांगेन. चौकशी अधिकारी सभ्य होता. चहा मागवला. म्हणाला, मॅडम, तुम्ही तज्ज्ञ आहात, आदेश द्यायचा अधिकार तुम्हाला नव्हता. बाटली किती रिकामी झाली होती, हे त्याने तीनदा विचारलं. आतला माणूस आता कसा आहे, हे एकदाही नाही.

हवालदाराला मी फोन केला, वकील बघून देते म्हणाले. तो म्हणाला, वकील राहू द्या, तुमचं ते पान तेवढं पाठवा. नवा पोरगा ड्यूटीला लागलाय, त्याला काही ठाऊक नाय.

सह्या झाल्या नव्हत्या. मी तसंच पाठवलं.