आता वर मशीन जाते

टर्रर्र... टर्रर्र... असा आवाज होता. आभाळात कोणी राजदूत मोटारसायकल चालवतंय असं वाटलं. मी मान वर केली. माझ्या खच्चरांनीही कान टवकारले. एक लहानसं विमान डोक्यावरून गेलं, वळलं आणि पुन्हा आलं. पलीकडे बंदूकवाले त्याच्यावर नेम धरायचा सराव करत होते. मी घाबरून बाजूच्या जवानाला विचारलं, "आत बसलेल्याचं काय होईल?"

तो हसला. "आत कोणी नाही, चाचा! खाली बसून चालवतात."

ही नव्वदच्या सुमाराची गोष्ट. मी फौजेत अठरा वर्षं होतो, ती सगळी खच्चरांबरोबर गेली. जिथे रस्ता नाही तिथे राशन आणि दारूगोळा खच्चराच्या पाठीवरून जायचा, आणि त्याची दोरी माझ्या हातात असायची. शिक्षण चौथीपर्यंत. घरी आल्यावर बिनमाणसाच्या विमानाचं सांगितलं, तर कोणी खरं मानेना. नामदेवने तेवढं मानलं. तो फौजेत स्वयंपाकी होता. थोडा विचार करून म्हणाला, "आत माणूस नाई म्हणजे पोळ्या कमी. साऱ्यायले असंच केलं तं आमी कोठी जावं, महादेवभाऊ?"

किस्से सांगायचे असं ठरवून कोणी बसत नाही. कारंज्यात हायवेला लागून शंकरचं पंक्चरचं दुकान आहे. दुकानापुढे जुन्या ट्रकची सीट टाकलेली आहे. पंक्चर निघेपर्यंत ट्रकवाला बसतो. त्याला एक गोष्ट सांगितली की बाजूच्याला स्वतःची आठवते. आम्ही चार रिटायर माणसं तिथे रोज बसायचो. मी, नामदेव, पायदळातले सुभेदारसाहेब आणि तोफखान्यातले विठ्ठलराव. बारा-पंधरा वर्षं बसलो. मग किस्से साठतातच.

*

त्या विमानाखेरीज माझा एकच किस्सा आहे, तो आधी सांगून टाकतो.

नोकरीच्या शेवटच्या वर्षी एक तरुण साहेब आमच्या ठाण्यावर आले. खच्चरं किती कमी करता येतील हे बघायला. हातात घड्याळ आणि वही. दोन दिवस आमच्याबरोबर चढले. तिसऱ्या दिवशी एका वळणावर माझं सगळ्यात पुढचं खच्चर, राणी, थांबलं. ओढलं, ढकललं, गूळ दाखवला, हलेना. साहेब वैतागले. म्हणाले, "मशीन असती तर आतापर्यंत वर पोचली असती!"

मी राणीची दोरी सैल सोडली. थोड्या वेळाने पुढची वाट धाडकन दरीत गेली. धूळ बसल्यावर साहेबांनी मला विचारलं, "हिला कसं कळलं?"

मी म्हटलं, "साहेब, ही भिते. मशीन भित नाही."

साहेबांनी वहीत काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते माहीत नाही. पुढच्या वर्षी खच्चरं कमी झाली आणि मीही घरी आलो. राणीला कोणाच्या हवाली केलं ते मी विचारलं नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं त्यांनी. म्हणूनच विचारलं नाही.

*

विठ्ठलरावांचं काम वेगळं होतं. तोफ मागे असते आणि गोळा डोंगरापलीकडे पडतो. तोफवाल्याला तो दिसत नाही. म्हणून तीन-चार माणसं पुढे उंच जागी चढतात, दुर्बिणीतून बघतात आणि रेडिओवरून सांगतात, जरा डावीकडे, जरा पुढे. विठ्ठलरावांनी वीस वर्षं हेच केलं. त्यांची ती सवय गेलीच नाही. शंकर ट्रकखाली जॅक लावायला लागला की हे बसल्या जागेवरून, "शंकर, चार बोटं डावीकडे!"

शंकर चिडायचा. "काका, मले दिसून राह्यलं ना!"

"तुले जवळून दिसते. मी दुरून पाहून राह्यलो."

आणि दर वेळी जॅक चार बोटं डावीकडेच घ्यावा लागायचा!

त्यांचा मोठा मुलगा प्रकाश. तोही तोफखान्यातच गेला, आणि तोही पुढे चढणाऱ्या माणसांत. सुट्टीवर आला की दोघं बापलेक या सीटवर बसून रस्त्यावरच्या ट्रकचं अंतर सांगायची पैज लावायचे. पाच-दहा पावलांचा फरक पडायचा. जिंकायचा कोण, तर प्रकाश. विठ्ठलराव म्हणायचे, "पोट्ट्याचे डोळे मायवर गेले."

*

मग तो उन्हाळा आला, डोंगरावरच्या लढाईचा. प्रकाश वर चढला होता.

त्याला नागपूरहून हायवेने आणलं. ढाबेवाल्यांनी भट्ट्या बंद केल्या. ट्रक आपोआप बाजूला लागले, कोणाला सांगावं लागलं नाही. सरदारजी ड्रायव्हर खाली उतरून उभे होते. सुभेदारसाहेब छातीवर पदकं लावून पुढे होते, पण त्यांचा हात सलामीला वर जाईना. नामदेवने मागून कोपर धरून वर केला.

सोबत दोन जवान आले होते. सगळं आटोपल्यावर विठ्ठलरावांनी त्यांना एकच विचारलं, "पोचला होता का वर?"

"पोचला होता, बाबूजी. त्याने सांगितलेला शेवटचा गोळा बरोबर पडला."

विठ्ठलरावांनी मान हलवली. जवानांना म्हणाले, "जेवून जाजा." आणि आत गेले.

दोन महिने ते दुकानावर आले नाहीत. शंकर जॅक लावताना मागे वळून बघायचा.

*

एक दिवस आले ते हातात पेपर घेऊन. बसण्याआधीच म्हणाले, "महादेवभाऊ, हे वाचा."

मी चष्मा लावला. एक एक शब्द लावून वाचायला मला वेळ लागतो, म्हणून शेवटी त्यांनीच वाचून दाखवलं. फौजेत बिनमाणसाची विमानं येत होती. त्यांच्यात कॅमेरा असतो. डोंगरापलीकडचं सगळं खाली बसल्या बसल्या पडद्यावर दिसतं.

"म्हणजे आता वर माणूस चढणार नाई," विठ्ठलराव म्हणाले. "मशीन जाईन. माणूस खालून पाहीन."

 सुभेदारसाहेबांनी हळूच पेपर त्यांच्या हातातून घेतला आणि घडी घातली. मला वाटलं, आता ते विचारतील, हे एक वर्ष आधी काऊन नाही आलं? त्यांनी विचारलं नाही. आम्ही मात्र तेव्हापासून त्या प्रश्नाला भिऊन बसायचो. कोणी दुसरा विषय काढला की हायसं वाटायचं.

त्यानंतर त्यांनी अशा बातम्या कापून एका प्लास्टिकच्या पिशवीत ठेवायला सुरुवात केली. बियाण्याची पिशवी होती ती, मजबूत.

*

सव्वीस जानेवारीला आम्हा चौघांचा शाळेत सत्कार झाला. शाल, नारळ. शहरातून आलेल्या एका पाहुण्यांनी भाषण केलं. पुढचं युद्ध बटणावर होणार, म्हणाले. जवान खुर्चीवर बसून लढेल. रक्त सांडणारच नाही. पोरांनी टाळ्या वाजवल्या.

मग नामदेवला दोन शब्द बोलायला लावलं. तो माईकला भितो. कसाबसा म्हणाला, "बटण दाबणाऱ्यालेही भूक लागंन. तवा सयपाकी लागंन." आणि खाली बसला!

सगळी शाळा हसली. विठ्ठलराव हसले नाहीत. ते पाहुण्यांच्या मागे मागे गाडीपर्यंत गेले. "साहेब, रक्त सांडणार नाई म्हणाले तुमी. हे पक्कं हाय का?"

पाहुणे गाडीत बसता बसता म्हणाले, "हो हो, अगदी पक्कं!"

विठ्ठलरावांना एवढ्याची गरज का पडली, ते सांगतो. प्रकाशचा धाकटा भाऊ रवी तोवर वीस वर्षांचा झाला होता आणि त्याला फौजेतच जायचं होतं. दुसरं काही तो ऐकूनच घेत नव्हता. पहाटे हायवेवर धावायचा. ट्रकवाले हॉर्न देऊन त्याला जोर द्यायचे. विठ्ठलरावांची ना नव्हती, पण आईने एकच सांगितलं होतं, "एक देल्ला. आता नाई." तिच्या तोंडून हो आल्याशिवाय जाणार नाही, असा शब्द रवीनेही तिला दिला होता.

पण त्याची आई, म्हणजे आमच्या कमलावहिनी, रोज त्याच्यासाठी चणे भिजवायच्या. पहाटे वाटीत काढून, वर गुळाचा खडा ठेवायच्या. नामदेवने एकदा विचारलं, "वयनी, जाऊ द्याचं नाई तं चणे कायले भिजवता?"

वहिनी म्हणाल्या, "पोरगं धावते. भूक लागते."

*

विठ्ठलराव घरी त्या कात्रणांचं वाचन करायचे. हे मला त्यांनीच सांगितलं. वहिनी पोळ्या लाटायच्या आणि हे चुलीसमोर बसून वाचायचे. मशीन किती उंच जाते, किती दूर बघते. एक दिवस सगळं ऐकून घेऊन वहिनी म्हणाल्या, "बरं हाय. मशीनले माय नसते."

विठ्ठलरावांना वाटलं, गाडी रुळावर आली. ते मला घेऊन दुसऱ्याच दिवशी केळझरला गणपतीला गेले. नारळ फोडला आणि बराच वेळ डोळे मिटून उभे राहिले. परतीच्या एस.टी.त मी विचारलं, "काय मागतलं?"

"मशीन नीट चालू दे म्हटलं."

मी म्हटलं, "विठ्ठलराव, देवाजवळ माणसासाठी मागतात."

"माणसासाठीच मागतलं, महादेवभाऊ," ते म्हणाले आणि खिडकीबाहेर पाहू लागले. 

*

रवी भरतीत पास झाला. धावण्यात पहिला! कागद आला. आता फक्त घरचा होकार बाकी होता. विठ्ठलरावांनी पुन्हा पिशवी उघडली. वहिनींनी ती त्यांच्या हातातून घेऊन फळीवर ठेवली.

"पेपरवाला काई वर गेलता का?" त्या म्हणाल्या. "ज्यानं डोयानं पाह्यलं असंन, त्याले आणा. त्यानं सांगतलं तं मी हो म्हणतो."

असा माणूस कारंज्यात कुठून मिळणार? विठ्ठलराव सुट्टीवर आलेला प्रत्येक पोरगा गाठायचे. कोणी पायदळातला, कोणी ड्रायव्हर, कोणी क्लार्क. मशीन पाहिलेला एकही नाही. रवीच्या कागदावरची तारीख जवळ येत होती. पोरगा पहाटे आणखी लांब धावून येत होता.

*

आणि तो दिवस. दुपारचे चार वाजले असतील. एक मोटारसायकल ढकलत एक जण शंकरच्या दुकानावर आला. केस बारीक कापलेले, पाठ ताठ. सुभेदारसाहेब बघताबरोबर म्हणाले, "कोणती पलटण, जवान?"

पोरगा हिंगणघाटचा होता, सचिन नावाचा. कारंज्याजवळच्या गावी बहिणीकडे निघाला होता. आणि काम काय, तर तीच बिनमाणसाची विमानं उडवणाऱ्यांत तो होता!

विठ्ठलराव उठून उभेच राहिले. "तू सोता पाह्यली?"

"रोजच पाह्यतो, काका. मी खुर्चीवर बसतो. समोर पडदा असते. डोंगरामांगं कोण चालून राह्यला ते सारं दिसते."

"वर कोणी चढत नाई?"

"पाहाले कायले चढंन? मशीन जाते ना!"

"शंकर!" विठ्ठलराव ओरडले. "ह्याचं पंक्चर हळूहळू काढ. जाऊ देजो नको त्याले!" आणि धोतर सावरत घराकडे पळाले. इतक्या वर्षांत मी त्यांना पळताना पाहिलं नव्हतं. नामदेवने आलूबोंडे सांगितले. सुभेदारसाहेबांनी त्या पोराला आपली जागा दिली.

विठ्ठलराव वहिनींना घेऊन आले. मागे रवी होता. वहिनी या दुकानावर पहिल्यांदाच आल्या होत्या. त्या बसल्या नाहीत. पदर धरून उभ्या राहिल्या. सचिनने सगळं पुन्हा सांगितलं. चांगला सांगायचा. हाताने विमान करून दाखवलं, कसं वर जातं, कसं वळतं. विठ्ठलराव मधेमधे वहिनींकडे बघायचे. रवी खाली बघत होता, पण त्याचे कान लाल झाले होते.

वहिनींनी सगळं ऐकलं. चेहरा जरा सैल झाला. मग त्यांनी अगदी साधं विचारलं, "बाबू, मशीन बिघडून तिकडंच पडली, तं?"

"पडते ना, काकू. वारा लय असते वर."

"मंग कोण आणते?"

"आमीच जातो," सचिन अभिमानाने म्हणाला. "दुश्मनाच्या हाती नाई लागली पायजे ना! मांगच्या हिवाळ्यात एक पडली होती बर्फात. आमचे चार जण चढले होते."

"चारही आले वापस?"

सचिन शंकरच्या हातातल्या ट्यूबकडे बघायला लागला. शंकरचा हात थांबला होता.

"मशीन आणली, काकू," तो म्हणाला.

कमलावहिनींनी डोक्यावरचा पदर नीट केला. कोणाकडेही न बघता वळल्या आणि हायवेच्या कडेकडेने घराकडे चालू लागल्या.