आईच्या वांग्याचं रोप

थंडी सरल्यावर टाकायचं वांग्याचं रोप मी त्या दुष्काळाच्या वर्षी थंडीच्या तोंडाशीच टाकलं. कारण होते अण्णा, माझे वडील.

भाद्रपदात आई गेली आणि दिवाळीपर्यंत अण्णांचं जेवण अर्ध्या भाकरीवर आलं. मी तिसगावजवळच्या एका शाळेत शिक्षिका होते. लग्न केलेलं नव्हतं, त्यामुळे त्यांना माझ्या दोन खोल्यांत घेऊन आले. पिठलं, शेंगोळे, मेथी, दूधभात, सगळं करून पाहिलं. काय केलं आणि त्यांनी किती खाल्लं, ते वहीत लिहीत होते. शेवटी एके दिवशी वही मिटून सरळ विचारलं, "अण्णा, तुम्ही काय खाल ते तरी सांगा."

ते म्हणाले, "तुज्या आईच्या वांग्याचं भरीत असतं तर खाल्लं असतं."

आईचं वांगं पांढुरकं, हिरव्या रेघांचं. मोरीच्या सांडपाण्यावर ती चार झाडं वाढवायची आणि एक फळ पिवळं पडेपर्यंत बियाण्याला ठेवायची. तिच्या ट्रंकेत राखेत घोळलेल्या बियांची पुरचुंडी सापडली. मी बेत आखला. गावची विहीर चैत्रापर्यंत टिकली तरी खूप. म्हणजे फळ फाल्गुनात हातात यायला हवं, म्हणजे रोप मार्गशीर्षात उगवायला हवं. थंडीत वांग्याचं बी लवकर उगवत नाही, म्हणून ऊब आपणच द्यायची.

बी रात्रभर कोमट पाण्यात भिजवलं, फडक्यात बांधून दोन दिवस चुलीच्या कडेला ठेवलं. तेलाचे तीन डबे आडवे कापून, तळाला भोकं पाडून, माती आणि चाळलेलं शेणखत भरलं. दिवसा डबे उन्हाच्या भिंतीला, संध्याकाळी आत चुलीजवळ, वर गोणपाट. आई थोडं बी कायम मागे ठेवायची, हे मला ठाऊक होतं. पण बी दोन वर्षांचं, निम्मं तरी वाया जाणार असं धरून मी पुरचुंडी झटकून रिकामी केली.

शेजारच्या मावशी रोज डब्यांची ने-आण बघायच्या. "मास्तरीणबाई, पाळणा हालवायचा तेवढा ऱ्हायला बगा," म्हणायच्या. अण्णा त्यावर हसले. आई गेल्यानंतर पहिल्यांदाच.

तेराव्या दिवशी माती फुटली. अण्णांनी आयुष्यभर शिलाईचं मशीन चालवलेलं, परसातलं सगळं आईचं. पण आता सकाळी डबे बाहेर ते न्यायचे, ऊन सरकलं की डबेही सरकवायचे. मी शाळेतून आले की रोपं किती वाढली ते बोटाच्या पेरावर दाखवायचे. वहीत एक भाकरी लिहिली. मग सव्वा.

पौषातल्या एका शनिवारी सकाळची शाळा होती. गारठा इतका की मुलांना पाटीवर पेन्सिल धरवत नव्हती. अकराला घरी आले. अण्णा डब्यांपाशी उकिडवे बसले होते. रोपं सगळी आडवी झालेली, चुलीवर शिजून बसलेल्या भाजीसारखी.

"काय झालं हे?"

"पानी घातलं. लई गारठा हुता सकाळी. कुडकुडल्यागत दिसाया लागली, म्हून ऊन पानी घातलं."

"गरम पाणी? रोपांना?"

"कढत न्हाई गं. न्हायाचंच पानी हुतं. तुजी आई व्यालेल्या शेळीलाबी थंडीत ऊन पानीच द्यायची की." मग हळूच म्हणाले, "उटतील का गं ती?"

मी थांबायला हवं होतं. "तुम्हाला मशीनशिवाय काही कळतं का, अण्णा? एक बी उरलेलं नाही आता. आईचं म्हणून जे होतं तेही घालवलंत." ते स्वतःच्या हातांकडे बघत राहिले.

मी हात धुवायला मोरीत गेले. फरशी कोरडी, पंचा कोरडा, बादली पालथी. पाणी इतकं तोकडं होतं की अंघोळीची बादली आम्हाला एक दिवसाआड मिळायची, आणि त्या दिवशीची बादली अण्णांची होती. बाहेर येऊन काहीतरी बोलायचं ठरवलं होतं. प्रत्यक्षात "जेवायला चला" एवढंच म्हणाले.

आई ज्यांना ज्यांना बी द्यायची त्या सगळ्यांना मी पत्रं टाकली. श्रीगोंद्याच्या मावशीचं उत्तर आलं, "यंदा प्यायला पाणी नाही, वांगी कुठली लावतेस?" इतरांचंही तेच. मग तिसगावच्या बाजारात एका माळ्याकडून तसल्याच रेघांच्या वाणाची पाच रोपं घेतली. अण्णा शेजारच्या मावशींच्या ओट्यावर बसलेले असताना ती सांडपाण्यावर लावून टाकली.

"अण्णा, पाच जगली," मी सांगितलं.

त्यांनी वाकून बघितलं. "जगली व्हय? बरं झालं."

फाल्गुनात पहिली तीन वांगी आली. चुलीत भाजली, मिरची, लसूण, दाण्याचं कूट घालून भरीत केलं. अण्णांनी दीड भाकरी खाल्ली, पुन्हा वाढायला सांगितलं.

"आईसारखं झालंय का?"

"व्हय. तसंच हाय."

मला इतकं हायसं वाटलं की त्या दिवशी वहीत लिहायचंही राहिलं.

पुढच्या वर्षी पाऊस बरा झाला. थंडी पडायला लागली तशी मी तेलाचे डबे खाली काढले. "अण्णा, रोप टाकायचं का औंदा लवकर?"

ते सुईत दोरा ओवत होते. नजर वर न करता म्हणाले, "टाकशील, पर तिचं बी कुठाय आता?"

मग दोरा तसाच धरून थांबले. माझ्याकडे बघितलं आणि घाईघाईने म्हणाले, "न्हाई, म्हंजे त्या पाच झाडांचं ठिवलं अशील की तू."

"ठेवलंय," मी म्हणाले.

"मंग टाक की."

त्यानंतर अण्णा दोन हिवाळे होते. दोन्ही वर्षी मी माळ्याच्या वाणाचंच रोप टाकलं, आणि दोन्ही वर्षी पहिल्या घासाला अण्णा आपणहून म्हणाले, "तुज्या आईचंच हाय."