स्वतःला सांगायचं वाक्य

“अहो, ती रोज सकाळी बाथरूममध्ये कोणाला तरी ‘आय लव्ह यू’ म्हणते,” काकू स्वयंपाकघरात काकांना सांगत होत्या. “कोणीतरी गोराच असणार. मराठीत एक अक्षर नाही.”

मी जिन्यातच थांबले. लंडनमध्ये एजवेअरला त्यांच्या घरी मी पेइंग गेस्ट होते. आनंदी राहायचं तर रोज आरशात बघून स्वतःला ‘आय लव्ह यू, यू आर ब्रेव्ह’ म्हणावं, असं एका पुस्तकात वाचलं होतं. मराठीत म्हणायची मला लाज वाटायची.

“तिच्या आईला आत्ताच कळवते,” म्हणत काकू पुण्याचा नंबर फिरवू लागल्या. आईने मला पुढच्याच विमानाने परत बोलावलं असतं. मी धावत आत गेले.

“काकू, फोन ठेवा. तो मुलगा मीच आहे.”