चौकातल्या पुतळ्याची दोन बोटं

नगरपालिकेनं चौकात कामगाराचा लोखंडी पुतळा बसवायचं ठरवलं आणि काम आमच्या गल्लीतल्या वेल्डरला दिलं. देखरेख माझ्याकडे. पूर्वी तो वेल्डर कंपनीत पत्रा दाबायच्या प्रेसवर होता. उजव्या हाताची दोन बोटं तिथंच गेली. बोलायचा कमी. जोड मारला की हातोडीनं ठोकायचा, कान लावायचा, आवाज पटला तरच पुढं सरकायचा. मी घाई केली की डाफरायचा, "ऐकू द्या की राव!"

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी नगराध्यक्ष बघायला आले. पुतळ्यानं वर केलेल्या हाताला तीनच बोटं! ते भडकले, "पाहुणे काय म्हणतील? आत्ताच्या आत्ता बोटं लावा."

वेल्डर शिडीवर चढला, सळईचे दोन तुकडे चिकटवून खाली आला. हातोडी कमरेलाच राहिली.

"ठोकून नाही बघितलं?" मी हळूच विचारलं.

"न्हाई."

"टिकतील ना?"

"प्रेसवर आमची टिकली, तेवढी टिकतील."

दुसऱ्या दिवशी पाहुणे बरोबर त्या हाताखाली उभे राहून भाषण करत होते. माझी नजर बोटांवरून हलत नव्हती. गर्दीच्या कडेला तो उभा होता, कान लावून.