बाईंनी पेनाने लिहिलेलं वाक्य

अकाउंट्स घेऊन बी.कॉम. झालेली मुलगी सीए झाली नाही, तर तिचं शिक्षण वाया गेलं असं तुम्हीही समजता का? मी समजत होते. सीएच्या परीक्षेत दोनदा नापास होऊन घरी बसले, तेव्हा कॉलेजात शिकवलेल्या फिलोमिनाबाईंनी मला तुळिंजच्या त्यांच्या ऑफिसात कामाला बोलावलं. पाचूबंदरच्या मासळी विकणाऱ्या घरातल्या बाई नोकरी करत एम.कॉम. झाल्या, मग सहकार खात्याची पदविका मिळवून हाउसिंग सोसायट्यांचं ऑडिट करू लागल्या. "इथे इमारती किती वाढल्या बघ. त्यांचे हिशेब कोन तपासनार, मंत्री?" असं विचारून त्या समोर फायलींचा गठ्ठा ठेवायच्या. गेल्या महिन्यात त्या हृदयविकाराने गेल्या. परवा चर्चमध्ये त्यांच्या महिन्याच्या मिस्सेला, म्हणजे प्रार्थनेला, त्यांचे विद्यार्थी जमले होते. कोणी बँकेत, कोणी कामणच्या गोदामात अकाउंटंट, एक जण कॉलेजात शिकवणारी. सीए एकही नव्हता, आणि त्याचं कोणाला काही वाटतही नव्हतं.

मी पत्रकांवर वाढले. फुलपाड्यात पाण्यासाठी निघालेल्या मोर्च्यांची पत्रकं माझे बाबा लिहायचे, पुढे मीही लिहू लागले. "मोर्चेवाली, जरा व्हाउचरंपन लाव," बाई टोमणा मारायच्या. बाबा आमच्या सोसायटीचे सचिव. एका वर्षी तिचं ऑडिट बाईंकडे आलं. उन्हाळ्यात बाबांनी दुरुस्तीच्या निधीतून पाण्याचे टँकर मागवले होते. एक रुपया खाल्ला नव्हता, पण सभेला विचारलंही नव्हतं. इकडे चौथ्या मजल्यावर देसाईकाकूंच्या छताचं प्लास्टर पडत होतं आणि त्यांना उत्तर मिळत होतं, सध्या पैसे नाहीत. बाईंनी लिहिलं : 'दुरुस्ती निधी सभेच्या मंजुरीविना अन्य कामासाठी वापरला.' अहवाल टाइप करायचं काम माझं. घरी कळल्यावर बाबा म्हणाले, "जरा सौम्य कर गं. तीस वर्षं लोकांसाठी राबलोय." मी टाइप केलं : 'दुरुस्ती निधीच्या वापराबाबत अधिक स्पष्टता अपेक्षित आहे.' बाईंनी माझ्यावर विश्वास ठेवून सही केली.

वार्षिक सभेत अध्यक्ष नेहमीसारखे म्हणाले, "ऑडिट अहवाल वाचला असं समजून मंजूर करूया." हात वर गेले. चहा तयार होता. मागे बसलेल्या बाई उठल्या. "कोनी वाचला? मी वाचते, खाली करा हात." वाचता वाचता त्या वाक्यापाशी थांबल्या... मी मान खाली घातली. "हे वाक्य माझं नाय," त्या म्हणाल्या. "पन चूक माझीच. न वाचता सही केली मी." त्यांनी पेनाने ती ओळ खोडली, शेजारी खरं वाक्य लिहिलं, पुन्हा सही केली आणि मोठ्याने वाचलं. देसाईकाकू ताडकन उठल्या, "म्हणजे पैसे होते?" बाबा म्हणाले, "होते. टँकरला वापरले." छताची दुरुस्ती त्याच सभेत मंजूर झाली. पुढच्या वर्षीचं ऑडिट दुसऱ्याला गेलं.

जिन्यात मी बाईंना गाठलं. "मी बदललं होतं, बाई."

"ठाऊक हाय."

"मग सभेत माझं नाव का नाही घेतलंत?"

"तू उठशील म्हनून थांबले होते ना जरा."

दुसऱ्या दिवशी बाईंनी ऑफिसात नवी फाईल पुढे सरकवली, तेवढंच. सरकारला, बिल्डरला, पालिकेला जाब विचारणारी पत्रकं मी त्यानंतरही लिहिली. सोसायटीच्या सभेत मात्र माझी चूक कधीच सांगितली नाही. बाई असेपर्यंत सांगायला हवं होतं. आता इथे सांगते : ते वाक्य मी बदललं होतं, बाईंची चूक नव्हती.

तुमच्या सोसायटीची वार्षिक सभा असेल, तेव्हा जा. अहवाल 'वाचला असं समजून' मंजूर करायला सांगतील. हात वर करू नका. उभे राहा आणि म्हणा, वाचा. समोर तुमचेच वडील बसलेले असले तरी म्हणा.