स्टॉपरची पोरगी

माझं लग्न ठरलं तेव्हा मुलगा काय करतो, याचं धड उत्तर आमच्या सावद्याच्या घरात कुणालाच देता येत नव्हतं. तो फुटबॉल खेळतो आणि त्याचा त्याला पगार मिळतो, एवढंच मध्यस्थानं सांगितलं होतं. माझे काका दोनदा म्हणाले, "खेळतो ते ठीक, पण करतो काय?" धुळ्याकडच्या सासरीही वेगळं नव्हतं. सासूबाई शेजारणींना हसत सांगायच्या, "मना आंडोर चेंडूले लाथा मारीसन पोट भरस!" मुलाचं कौतुक होतं की लाज, ते त्यांच्या तोंडावरून कळायचं नाही.

हे स्टॉपर होते. म्हणजे गोलच्या पुढे उभं राहून समोरून येणाऱ्याला अडवणारे. गोल करणारे वेगळे, त्यांचे फोटो छापून यायचे. यांचं म्हणणं असं होतं, "पुढच्याला गोल करायचा असतो. मागच्यानं फक्त त्याचं वाटोळं करायचं."

लग्नानंतरच्या वर्षी यांची एक मॅच टीव्हीवर दाखवली. आम्ही सगळे सरपंचांच्या घरी जमलो. पुरुष पुढे बसले, आम्ही बायका दाराशी उभ्या. हे लांबून घसरत आले आणि समोरचा पोरगा पडला. त्याचा पाय जिथे वाकायला नको तिथे वाकला होता. घरात शिट्ट्या वाजल्या. सासूबाई ओरडल्या, "कसा पाडा त्याले!" मी पदर तोंडात धरला.

सुट्टीत हे घरी आले की पोरं यांच्याभोवती जमायची आणि म्हणायची, "काका, तो पाय मोडल्याचा आवाज काढा ना." मग हे तोंडानं कपाशीची वाळलेली पऱ्हाटी मोडल्यासारखा आवाज काढायचे. लग्नाच्या पंगतीत, बारशाला, कुठेही. एकदा मी जेवण वाढताना विचारलं, "त्या मुलाचं पुढे काय झालं?"

"कोणत्या?" हे म्हणाले. नाटक करत नव्हते. त्यांना खरंच आठवत नव्हतं.

पुढे यांचाच गुडघा गेला. क्लबवाले मॅचआधी इंजेक्शन द्यायचे, दुखणं थांबायचं, हे खेळायचे आणि दुसऱ्या दिवशी गुडघा नारळाएवढा व्हायचा. असे काही हंगाम गेले. मग एक फोन आला, की आता येऊ नका. बोलणं इतकं थोडं होतं की चुलीवरचं दूध उतू जायच्या आत फोन ठेवलाही होता. त्या दिवशी यांनी बूट पुसून ठेवले.

आम्ही जळगावला राहायला आलो. एका खेळाच्या शाळेत यांना मुलींचा संघ शिकवायला मिळाला. यांना खाली बसता येत नव्हतं, म्हणून सुताराकडून खुर्चीला मधोमध भोक पाडून घेतलं आणि ती संडासात ठेवली. शेजारीण मला पाण्याच्या नळावर म्हणाली, "तुमच्याकडे सिंहासन आहे म्हणे!" सगळ्या हसल्या. मी हंडा अर्धाच भरून घरी आले. मला चारचौघांत बोलायला जमत नाही, आधीही जमत नव्हतं.

शिकवताना हे मुलींचे हात ओढणीनं पाठीमागे बांधायचे. मग जवळून तोंडावर, छातीवर चेंडू मारायचे. जिनं डोळे मिटले तिला पुन्हा पहिल्यापासून. कुणाचं नाक फुटायचं, कुणी रडायची. आयांना त्याचा अभिमान वाटायचा. "सर कडक आहेत," त्या एकमेकींना सांगायच्या, "आमच्या पोरी ऐकत नाहीत, त्यांना असाच पाहिजे." गटातली सगळ्यात धीट मुलगी आमचीच होती. आम्हाला एकच मूल. चेंडू नाकावर बसला तरी ती यांच्याकडे टक लावून बघत राहायची. ओठ फाटायचा, पण पापणी हलायची नाही.

ग्राउंडवर यांना बाबा म्हणायचं नाही, असा यांचा नियम होता. तिनं तो घरातही आणला. "सर, भाकरी देऊ का?" असं ती जेवताना विचारायची. यांना ते आवडायचं. मी एकदा म्हटलं, घरात तरी बाबा म्हण. ती म्हणाली, "बाबा सगळ्यांनाच असतो, आई."

त्या वर्षी धुळ्याला मोठी स्पर्धा होती. ती जिंकणाऱ्या संघातल्या मुली राज्याच्या संघासाठी बघितल्या जाणार होत्या, आणि कोच म्हणून यांचंही नाव पुढे जाणार होतं. घरात दुसरा विषय नव्हता. पोरगी झोपेत पाय झाडायची.

पोळ्याच्या आदल्या दिवशी मी मातीचे बैल करायला चिकणमाती आणून ओट्यावर मळत बसले होते. तेव्हा दोन मुलींनी पोरीला, तिचे हात आपल्या खांद्यांवर घेऊन, आणलं. मागून हे आले. चेंडू पायातून कसा काढायचा ते इतर मुलींना दाखवताना यांनी तिच्यावरच घसरून टॅकल केला होता. हे नव्वद किलोचे, ती काडीसारखी. गुडघा वाकडा दिसत होता आणि ती हसायचा प्रयत्न करत होती.

मी म्हटलं, "डॉक्टरकडे नेऊ."

"डॉक्टर प्लास्टर घालेल," हे म्हणाले. "मग धुळे विसरा."

"पण तुमचा गुडघा..."

हे आवाज न चढवता म्हणाले, "चौथी शिकेल शे तू. तुले काय समजस?"

पोरगी म्हणाली, "सरांना कळतं, आई."

यांनी मोठ्या क्लबात डॉक्टर पाहिले होते, यंत्रांनी गुडघ्याच्या आतला फोटो काढलेला पाहिला होता. ते सगळं माहीत असलेला माणूस स्वतःच्या पोरीला एरंडोलच्या बाजूला एका हाड बसवणाऱ्याकडे घेऊन गेला, कारण तो प्लास्टर घालत नाही. हाड बसवणारा म्हातारा शेळ्या बांधत होता. त्यानं हात धोतराला पुसले, पोरीला खाटेवर निजवलं आणि मला तिचे खांदे धरायला सांगितलं. मग त्यानं पाय ओढून पिळला. तिचा आवाज आला नाही, नुसता श्वास माझ्या हातावर आला. म्हातारा म्हणाला, "आते काही नही. बठ्ठं जागावर बसनं."

यांनी त्याला नारळ दिला. गाडीत बसताना पोरीला विचारलं, "धावशील ना?"

"हो, सर."

गणपती बसले, गणपती गेले. तिनं पट्टा बांधून सराव केला. जिना उतरताना ती उलटी उतरायची, म्हणजे गुडघा कमी वाकतो. मी काही म्हटलं की दोघं एकाच वेळी माझ्याकडे बघायची.

मी आयुष्यात पहिल्यांदा मॅच बघायला गेले ती धुळ्याची. सगळ्या मुलींसाठी ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी आणि ठेचा घेऊन एसटीनं गेले. ग्राउंडवर यांच्या बाकाजवळच्या लिंबाच्या झाडामागे उभी राहिले, तिथून दिसतही होतं आणि मी कुणाला दिसत नव्हते. आमच्या मुली आधीच एका गोलानं पुढे गेल्या. मग दुसऱ्या संघाच्या कोचला आमच्या पोरीचं लंगडणं दिसलं; तीही यांच्यासारखी स्टॉपरच होती. तो दोरीजवळ येऊन हातांचा भोंगा करून ओरडला, "स्टॉपरच्या उजवीकडून घुसा! पाय गेलाय तिचा! दमवा तिला!"

मला वाटलं, आता हे त्याच्या अंगावर जातील. हे हसले. शेजारी रेषेवर उभ्या असलेल्या पंचांना म्हणाले, "बरोबर सांगतोय तो. मीही हेच सांगितलं असतं."

त्यानंतर प्रत्येक चेंडू तिच्या उजवीकडून आला. ती पडली. हे ओरडले, "ऊठ!" ती उठली. बाकावर दोन मुली तयार बसल्या होत्या, एकीनं उभं राहून यांच्याकडे पाहिलं. यांनी तिला हातानं खाली बसवलं. आमची परत पडली, परत उठली. शेवटी त्यांची एक दांडगी पोरगी एकटीच गोलकडे सुटली. आमची तिच्या मागून धावली. असं धावणं मी जनावराचं पाहिलंय, माणसाचं नाही. तिनं घसरून चेंडू काढला. चेंडू बाहेर गेला आणि ती तिथेच राहिली.

शिट्टी झाली, आम्ही जिंकलो. हे ग्राउंडात धावत गेले ते गोलकीपरकडे. तिला उचलून गरगर फिरवलं. आमच्या पोरीजवळ सगळ्यात आधी मी पोचले. ती म्हणाली, "सरांनी बघितलं का?"

जळगावला आणून दवाखान्यात ठेवलं. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी आतला फोटो दिव्यासमोर धरला. दाराशी संघातल्या दोन मुलींच्या आया शहाळं घेऊन आल्या होत्या. डॉक्टरांनी विचारलं, "हे कधी लागलं?"

"काल," हे म्हणाले. "मॅचमध्ये."

डॉक्टरांनी पोरीकडे पाहिलं. तिनं मान डोलावली. "काल."

"कालचं वाटत नाही. आधी कुणी पाय ओढलाय का?"

पोरीनं यांच्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "पोळ्याच्या आदल्या दिवशी लागलं. यांनीच पाडलं. मग एरंडोलकडे नेऊन पिळून घेतलं." आवाज माझाच होता, पण इतका मोठा कधी निघाला नव्हता. दारातल्या आयांनी ऐकलं.

डॉक्टरांनी फोटो खाली ठेवला. "तेव्हाच आणलं असतं तर खेळली असती," एवढंच म्हणाले.

त्या आठवड्यात एकेका आईनं आपली मुलगी काढून घेतली. ज्या अभिमानानं सांगायच्या, त्याच आता नळावर म्हणत होत्या, कसाई आहे तो. शाळेनं यांना येऊ नका म्हणून सांगितलं. राज्याच्या संघासाठी आमच्या तीन मुली निवडल्या गेल्या, त्यांत गोलकीपर होती. हे घरात बसले. माझ्याशी बोलणं बंद केलं. पाणी हवं असलं तरी पोरीला सांगायचे, आणि ती कुबड्यांवर उठून आणून द्यायची, मला हात लावू द्यायची नाही.

मी एकदा तिला म्हटलं, "मी तुझ्यासाठीच बोलले गं."

"माझा पाय तर गेलाच होता," ती म्हणाली. "तू सरांचं ग्राउंडही घालवलंस. गप्प राहायचं होतं. तुला तर नेहमी जमतं ना गप्प राहायला?"

दिवाळीनंतर यांना धुळ्यात एका शाळेत काम मिळालं. तिथे कुणी काही विचारलं नाही. पोरगी कुबडी सोडून हळूहळू चालू लागली होती. धावायचं नाही, असं डॉक्टरांनी कायमचं सांगितलं होतं. तिनं यांना विचारलं, "मला सोबत न्याल? मी खुणेचे कोन लावेन, चेंडू भरेन, लहान मुलींना हेडिंग शिकवेन."

"बघू," हे म्हणाले. मग म्हणाले, "चल सोमवारी."

सोमवारी ती माझ्याआधी उठली. ट्रॅकसूट घातला, केस घट्ट बांधले, शिट्टी गळ्यात घातली, आणि यांच्या खोलीचं दार ढकललं. अंथरूण घडी केलेलं होतं. हे पहिल्या एसटीनं धुळ्याला निघून गेले होते. मला अर्धवट झोपेत यांच्या जाण्याचा आवाज आला होता. मला वाटलं, दोघं गेली.

ती ओट्यावर जाऊन बसली. बुटांच्या नाड्या सोडून पुन्हा बांधल्या. ऊन तिच्या पायापर्यंत आलं तेव्हा मी चहा घेऊन गेले. तिनं रस्त्यावरची नजर काढली नाही.

"विसरले असतील," ती म्हणाली. "स्टँडवरून परत येतील. आणि ते आले की तू काही बोलू नकोस."

मी कप तिच्याजवळ ठेवला आणि आत आले.